गादी काढली आणि पट्टा सैल पडला

आमच्या दुकानात डाव्या बाजूला स्पोर्ट्सचं सामान आणि उजव्या बाजूला लहान मुलांचं. म्हापशात हे चालतं, कारण गिऱ्हाईक बऱ्याचदा एकच कुटुंब असतं, बाप बूट बघतो तोवर आई बाबागाडी बघते. दोन्ही बाजू मीच सांभाळते. ऑक्टोबरच्या उकाड्यात झालेली एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

नवराबायको, वर्षाची मुलगी आणि आजी असे आले होते. नवरा डिसेंबरच्या गोवा रिव्हर मॅरेथॉनची तयारी करत होता, रेससाठी सिंगलेट, म्हणजे धावायचं बिनबाह्यांचं बनियन, हवं होतं. असं जाणकार गिऱ्हाईक आलं की मला काम करायला बरं वाटतं. कॉटन त्याने हातातही घेतलं नाही, घाम पिऊन जड होतं आणि ही रेस होते त्या चिखलीच्या दमट हवेत वाळतच नाही. जाळीचं पॉलिस्टर घेतलं ते उलटं करून काखेतल्या शिवणीवर बोट फिरवून बघितलं, मग ट्रायल रूममधून बाहेर येऊन जागच्या जागी धावून बघितलं. मी एक साइज मोठं देऊन पाहिलं तर म्हणाला, "नको मॅडम, अंगाशी बसलेलं बरं, सैल कापड हलत राहतं आणि तिथेच सोलतं." पांढरं आवडलं होतं त्याला, पण मी सांगितलं की वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या नियमात कपडा भिजल्यावरही आरपार दिसता कामा नये असं आहे. मग गडद निळं घेतलं.

तोवर ताई, म्हणजे त्याची बायको, उजवीकडे लहान मुलांच्या कारसीटच्या गादीपाशी उभ्या. सीटवर घालायची ती जाड, फुगीर गादी. त्यांच्याकडे एक आधीच होती, ऑनलाइन घेतलेली, आता जरा मऊ हवी होती. आजी म्हणाल्या, "अगो बाय, भुरग्याक गरम जाता, पाठ भिजते सगळी." या गाद्या ठेवू नका असं मी मालकांना माल आला तेव्हाच सांगितलं होतं, पण लोक मागतात म्हणून त्या रॅकवर आहेत. मी ताईंना म्हटलं, आधी सीट बघू द्या, आणि गाडीपाशी गेले.

सीट मागच्या बाकावर होती ते बरं, पण तोंड पुढे केलेलं. पाय दुमडतात म्हणून नवव्या महिन्यात फिरवली म्हणे. लेबलवर पाठमोरं, म्हणजे मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, १३ किलोपर्यंत चालतं असं स्पष्ट छापलेलं, आणि मुलगी साडेनऊ किलोची. या सीटवर गाडीचा बेल्ट कुठून घालायचा त्याच्या रंगीत खुणा असतात, पाठमोरी असेल तर निळ्या आणि पुढे तोंड असेल तर लाल. यांनी सीट फिरवली पण बेल्ट निळ्यातूनच घातलेला, सीट हाताने धरून हलवली तर झोपाळ्यासारखी हलत होती.

पण मला दाखवायची होती ती गादी. मुलीला बसवायला सांगितलं, ताईंनी सीटचे खांद्यावरून येणारे पट्टे नेहमीसारखे ओढून घट्ट केले. "बघा, घट्ट आहेत ना?" होते घट्ट. खांद्यावर पट्ट्याची चिमूट घ्यायला गेले तर चिमटीत काहीच आलं नाही, म्हणजे वरून बघणाऱ्याला सगळं बरोबरच दिसतं. मग बकल काढलं, मुलीला उचललं, गादी काढली, पट्ट्यांची लांबी अजिबात न बदलता मुलीला परत बसवून बकल लावलं. आणि छातीपाशी पट्ट्याच्या आत माझी अख्खी मूठ गेली.

गाडी आदळली की गादी दाबली जाते आणि ती मूठभर जागा खरी होते, मूल तेवढं पुढे फेकलं जातं, खांदे पट्ट्यांतून सुटूही शकतात. पावसात रेनकोटसकट बांधतात तेव्हाही हेच होतं. मी अजून बोलतच होते तर त्याने स्वतःच पट्टा उचलून बघितला आणि हळूच म्हणाला, "सैल. आणि मी तिकडे सिंगलेटची शिवण बघतोय." मग कोणालाच काही सुचेना.

पुढचा पाऊण तास मी उन्हात गाडीत वाकून होते. सीट पाठमोरी केली, बेल्ट निळ्या खुणांमधून घातला, गुडघ्याने सीट दाबून धरत बेल्ट ओढला. बेल्ट जातो तिथे धरून हलवली तर इंचभराच्या आत हलली पाहिजे, ती जेमतेम हलत होती. पट्टे खालच्या खाचेत आणले, कारण पाठमोऱ्या सीटला ते खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालूनच यावे लागतात. हे काम मला नीट येतं आणि याचे पैसे आम्ही घेत नाही. बहुतेक दुकानांत खोका देतात आणि विषय संपला. नवी गाडी देणाऱ्या माणसाला गाडीच्या सीटच्या फटीतल्या आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायच्या, कड्या कुठे आहेत हे माहीत नसतं, असं गिऱ्हाइकं मला कितीदा सांगतात.

आजींचं मात्र पटलं नव्हतं. तोंड मागे, पोरीला काय दिसणार, पाय आखडतील. त्यांना म्हटलं, आजी, या वयात डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची, समोरून आदळलं की पाठमोऱ्या सीटमध्ये डोकं, मान, पाठ सगळं एकत्र पेललं जातं, पाय दुमडले तर काही होत नाही. त्या गप्प बसल्या, पण पटल्यासारख्या दिसल्या नाहीत. उकाड्यासाठी काचेला जाळीचा पडदा दिला, गाडी उन्हात ठेवताना सीटवर पांढरी चादर टाका, बसवण्याआधी बकलचं लोखंड हाताने बघा आणि पाच मिनिटं एसी लावा असं सांगितलं. कव्हर बदलायचंच असेल तर सीट बनवणाऱ्या कंपनीचंच, त्या सीटसाठी दिलेलं पातळ कव्हर घ्या.

लोक मला विचारतात, पोलीस पकडतात का. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आहे, १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर हजार रुपये दंड. लाखांची गाडी घेणारा माणूस हजारांचा हिशोब करतो तेव्हा खूप राग येतो. या कुटुंबाने तसं काही विचारलं नाही, सीटही चांगली घेतली होती, आणि तरी मूल सैल बसलेलं होतं. मला खटकतं ते हेच.

मालकांना मूठ आत जाते ते डेमोच्या बाहुलीवर करून दाखवलं. त्यांनी बघितलं, मान हलवली, म्हणाले हा लॉट संपू दे. काल मी जेवायला गेले होते तेवढ्यात आणखी एक गादी विकली गेली.