सहलीचा धंदा सोडला तेव्हा

शाळेत फोन लावला की पलीकडून प्रश्न ठरलेला: "पिकनिक का? स्विमिंग पूल आहे ना तिकडे?" मुलांना वर्गाबाहेर, निसर्गात शिकवायचं म्हणून प्राथमिक शाळेतली नोकरी सोडून ठाण्यात पाचपाखाडीत एक खोली भाड्याने घेतली, तेव्हा मीही मुकाट्याने पिकनिकच विकली. येऊरचं जंगल, ओवळेकर वाडीतली फुलपाखरं, कधी कर्नाळा. मुलं खूश, शाळाही खूश. महिनाअखेर हिशेबाला बसलं की मात्र दिसायचं, शाळेने दिलेल्या पैशातला मोठा वाटा बसवाल्याकडे गेलेला आणि दिवसातला मोठा वाटा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये. उरलेल्या वेळात दोन-दोनच्या रांगेत मुलं जंगलातून चालवायची. त्यात कुणाला मुंगी दिसणार!

मग बसच काढून टाकली. शाळेतून पायी जाता येईल अशी एक जागा निवडायची आणि वर्षभर तिथेच जायचं. कुणाला कचराळी तलावाजवळचं एखादं झाड, कुणाला खाडीची कड, कुणाला शाळेच्या कंपाउंडमागचा पडीक तुकडा. पहिल्या भेटीत मुलं नुसती धावतात. धावू द्यावं. पुढच्या वेळी काटक्या-दगडांची घरं होतात, त्यावरून भांडणं होतात, त्यातही मोठ्यांनी लगेच पडू नये. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुणीतरी विचारतं, "मागच्या वेळी इथे कोळ्याचं जाळं होतं, ते कुठे गेलं?" आमचं खरं काम तिथून सुरू होतं.

खाडीकाठच्या शाळा माझ्या जास्त आवडीच्या. तिथे तासिका ठरवायची ती भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून, आणि हे शाळेच्या ऑफिसात समजावणं मुलांना शिकवण्यापेक्षा अवघड. ओहोटीला चिखलातून तिवराची, म्हणजे खारफुटीच्या झाडाची, श्वसनमुळं पेन्सिलीसारखी उभी दिसतात. काठावरून हात पोचेल तिथे दोरीने एक मीटरचा चौकोन आखायचा, त्यातली मुळं मोजायची, शेजारच्या गटाशी आकडा ताडून बघायचा. सरासरी हा शब्द न उच्चारता सरासरी शिकवून होते. मग तिवराचं पान. त्यावर बोट फिरवलं की खरखरीत लागतं, भिंगाखाली धरलं की मिठाचे कण चमकतात; मुळांवाटे आत आलेलं जास्तीचं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. पान चाटायचं नाही, असं आम्ही दोनदा बजावतो. तरी एक जण चाटतोच आणि "ताई, खारट!" म्हणून ओरडतो. पुस्तकातलं 'अनुकूलन' त्या वर्गाला पुन्हा समजवावं लागत नाही. त्यात निवटी हा चिखलात राहणारा मासा चिखलावर उडी मारताना दिसला, की बाईंची "लाईन बनवा, लाईन बनवा" कुणी ऐकत नाही.

याच ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. तिच्यापासून दहा मिनिटांवर राहणारे पालक मात्र "तिकडे फार वास येतो हो" एवढंच सांगतात.

पालकांना पटवायला शिक्षणशास्त्र कामाला येत नाही, चष्मा येतो. चीनमध्ये ग्वांगझूला पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवसात रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसायला लागलं होतं. ज्या शाळांनी वेळापत्रक बदललं नव्हतं तिथे हे प्रमाण ३९.५ टक्के. २०१५ साली छापून आलेला हा अभ्यास पालकसभेत सांगितला, की मागच्या बाकावरचे बाबासुद्धा मोबाईल खाली ठेवतात.

"हे परदेशी फॅड आहे," असंही ऐकून घेतलंय. पण बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात. बोर्डी-कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. फॅड असेलच तर आपल्याच जिल्ह्यातलं आहे.

२०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि उत्पन्न शून्यावर आलं. निर्बंध सैल झाल्यावर सोसायट्यांच्या बागेतल्या छोट्या गटांनी खोलीचं भाडं निघालं. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. शाळा उघडल्यावर त्या दहा दिवसांचं काय करायचं हे विचारायला स्वतःहून फोन येऊ लागले. पैसे अजूनही उशिरा येतात. एका शाळेचं बिल तर दोन मार्चएंड ओलांडून गेलं.

पावसाळ्यात येऊरच्या पाड्यावरच्या एक मावशी आमच्या गटांबरोबर येतात. टाकळा आणि कुर्डू कोवळा कसा ओळखायचा, कुठल्या पानाला हात लावायचा नाही, हे त्यांच्याइतकं आमच्यात कुणालाच कळत नाही. त्यांचं मानधन आमच्याकडच्या एमएस्सी झालेल्या मुलीइतकंच आहे. एका शाळेने "त्यांचं क्वालिफिकेशन काय?" विचारलं होतं. त्या शाळेचं काम आम्ही घेतलं नाही.

आता नवीन शाळा घेताना अटी मोजक्याच. वर्षातून किमान आठ भेटी, सगळ्या एकाच जागी. वीस मुलांमागे आमची दोन माणसं. वर्गशिक्षिकेने सोबत यायचं, आणि काठावर खुर्ची टाकून बसायचं नाही. वर्कशीट आम्ही देत नाही. मुलांच्या वह्यांतली चित्रं आणि मोजमापं शाळेने बघावीत. एकदाच्या सहलीसाठी विचारणा आली तर ती करणाऱ्यांचे नंबर आम्ही देतो.