मराठी शाळेला कन्नडचे सर कशाला मागालास?

गेला महिनाभर दळण घेऊन येणारा प्रत्येक जण डबा काट्यावर ठेवायच्या आधी हेच विचारतो. "काय गा, मराठी शाळेच्या कमिटीला उभा राहिलास, आणि कन्नडचे सर कशाला मागालास?" गिरण चालू असताना उत्तर द्यायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि ओरडून दिलेलं उत्तर भांडणासारखं ऐकू येतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा निवांत लिहितो.

कमिटी म्हणजे एसडीएमसी, आपली शाळा सुधारणा कमिटी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की या कमिटीत तीन चतुर्थांश माणसं पालक हवीत आणि एकूण निम्म्या बायका हव्यात. शाळेचा आराखडा करायचा, अनुदान कुठं खर्च झालं ते बघायचं, एवढं काम. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या, म्हणजे कर्नाटकातल्या खानापूर तालुक्याच्या गावात ही कमिटी आजवर देवळाच्या कट्ट्यावर ठरायची आणि पालकसभेत नुसती वाचून दाखवायची. यंदा अध्यक्षपदाला दोन नावं आली. त्यातलं एक माझं.

मराठी शाळा राहिली पाहिजे, यात मला शंका नाही. मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत, दोघं याच शाळेत. सीमाभाग कर्नाटकात घातला त्याच्या निषेधाला एक नोव्हेंबरला काळ्या दिवसाची फेरी निघते, तिच्यात मीही चालतो, माझे वडील चालायचे तसा. घटनेचं ३५०-अ कलम अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा म्हणून राज्याला सांगतं. ते कलम आमच्यासारख्यांसाठीच आहे. हे सगळं मान्य. पण मागच्या पावसाळ्यात माझ्या घराची मागची भिंत पडली.

नुकसानभरपाईचा फॉर्म कन्नडात. कागदपत्रं मराठीत मिळावीत हा आमचा हक्क आहे, त्यासाठी मोर्चेही काढले, पण त्या दिवशी हातात होता तो कागद कन्नडातच होता. मी याच शाळेतून शिकून दहावी पास. कन्नडात पस्तीस पडले होते, तेही पाठ केलेल्या निबंधावर. कचेरीबाहेर टेबल मांडून बसलेल्या माणसाला पन्नास रुपये दिले, त्यानं भराभरा भरलं, मी खाली मराठीत सही ठोकली. पंधरा दिवसांनी फॉर्म परत. सर्व्हे नंबर चुकलेला. काय लिहिलंय ते न वाचता सही केली होती, दोष कुणाला देणार?

दुसरा फॉर्म घरी आणला आणि मुलीपुढं ठेवला. तिनं बोट ठेवून वाचलं, "म-ने... गो-डे..." एकेक अक्षर बरोबर. मग मान वर करून म्हणाली, "बाबा, गोडे म्हणजे गोड काय?" गोडे म्हणजे भिंत. मने म्हणजे घर. पोरीला पाच वर्षांत अक्षरं आली होती, भाषा आली नव्हती. कशी येणार? ज्या गुरुजींचा तास रिकामा, ते कन्नड घेतात. नाहीतर अतिथी शिक्षक, जे शाळा सुरू होऊन कधीतरी उगवतात आणि मार्च संपला की जातात.

आता पटाचं बघा. सकाळी साडेसातला गावच्या फाट्यावर पिवळी व्हॅन थांबते आणि मुलं शहरातल्या इंग्लिश मीडियमला जातात. त्या आई-बापांना मराठीचा राग आहे असं म्हणणारे त्यांच्याशी कधी बोलले नसावेत. ते म्हणतात, "तिथं इंग्लिश पण येतंय आणि कन्नड पण. उद्या नोकरीला कुठं जाणार, बेंगळूरलाच की." कायद्याचा हिशोब असा, की पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टावं पोर आलं की तिसरा. म्हणजे त्या व्हॅनमधून नुसती पोरं जात नाहीत, शिक्षकही जातो. मागं उरलेल्या दोघांनी पहिली ते पाचवीचे पाच वर्ग सांभाळायचे, त्यातल्या एकानं अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, तांदळाचा, दुधाचा, अंड्यांचा हिशोब ठेवायचा आणि उरल्या वेळात मोबाईलवर माहिती भरत बसायची. (इंग्लिशचंही विचारतात. विषय म्हणून ती पहिलीपासून आहेच. तीही नीट शिकवा, एवढंच.)

आमच्यातले जुने कार्यकर्ते म्हणतात, तू कन्नड सक्तीला दार उघडून देतोस. दार माझ्या हातात कुठं होतं? शाळांत कन्नड शिकवायचा २०१५ चा कायदा झाला आणि पुढं दोन वर्षांनी कन्नड विषय सगळ्या शाळांना लागू झाला. सक्ती आहेच, शिकवणं तेवढं नाही. म्हणजे परीक्षेचं ओझं पोराच्या पाठीवर, आणि भाषा काही पदरात नाही. विषय वेगळा, माध्यम वेगळं. उद्या गणित कन्नडातून शिकवा म्हणून कुणी आलं, तर रस्त्यावर बसणाऱ्यांत पहिला मी असेन.

हे नुसतं बोलायला नाही. कन्नड शिक्षकाचा अर्ज घेऊन गेलो तेव्हा एक साहेब इतके खूश झाले की त्यांनी चहा मागवला. "भेष! अशी माणसं पाहिजेत." चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "मग एक करा की, शाळाच कन्नड माध्यमाची करून टाका. शिक्षक लगेच देतो." मी कप खाली ठेवला, अर्ज परत मागून घेतला आणि त्यांच्याच पेनानं वर एक ओळ लिहिली: 'शिक्षक कन्नड विषयाचा, शाळेचं माध्यम मराठीच.' त्यानंतर त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पोच मात्र घेतली मी, शिक्क्यासकट.

कमिटीला शिक्षक नेमायचा अधिकार नाही. निवडून आलो तर महिन्यात सर आणतो, असं कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. शाळेच्या आराखड्यात ही मागणी लिहून घालणार, दर सभेच्या ठरावात परत घालणार, बीईओंना, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना, पोच घेऊन देत राहणार. तोवर आमच्या शेजारची सून आहे. बैलहोंगलकडची, माहेर पक्कं कन्नड. सासरी मराठी शिकली, तरी म्हशीशी अजून कन्नडातच बोलते. शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर पोरांना गोष्टी सांगायला ती तयार झालीय. पैसे नको म्हणाली. फक्त हेडगुरुजींनी तसं घरी येऊन सासूला सांगावं, ही अट. गुरुजी येतो म्हणालेत.

पालकसभा येत्या मंगळवारी सकाळी अकराला, शाळेच्या मोठ्या वर्गात. हात वर करून मतं आहेत, त्यामुळं आईनं किंवा वडिलांनी स्वतः यायला पाहिजे. त्या दिवशी गिरण बंद. दळण सोमवारीच आणा.