वाईच्या घराची डिस्क

शनिवार, रात्री साडेअकरा

ब्लू-रे डिस्क लिहिणारा बर्नर चालू आहे. मुद्दाम कमी वेगावर, 2एक्सला ठेवलाय, 15 जीबीला अर्धा तास जाईल आणि नंतर तितकाच वेळ व्हेरिफायला, म्हणजे लिहिलेलं नीट उतरलंय का ते तपासायला, तोवर आजचं लिहून काढते.

गेले तीन शनिवार हेच चाललंय. बाबांनी 2010 मध्ये हँडीकॅम घेतला होता, एव्हीसीएचडीवाला (एचडी व्हिडिओचा एक फॉरमॅट), कार्डावर रेकॉर्ड करणारा, आणि वाईला जाताना तो कायम गळ्यात. 2012 पर्यंतचं सगळं मिळून 3 तास 40 मिनिटं भरतं. गौरी, कृष्णाबाईच्या उत्सवात गणपती आळीच्या घाटावर आलेली सगळी मंडळी, आजी पुरण वाटताना, चुलतभावाची मुंज. हे आत्याला हवंय. तिला पेनड्राईव्ह, लिंक वगैरे जमत नाही आणि का जमावं, तिच्याकडे ब्लू-रे प्लेअर आहे, डिस्क घातली की टीव्हीवर चालू झालं पाहिजे एवढंच तिचं म्हणणं. डीव्हीडी करणं सोपं होतं पण मग चित्र 720 बाय 576 वर येतं, आणि 1920 बाय 1080 मध्ये आजीच्या हातावरचं गोंदण दिसतंय ते मी कशी घालवू. शिवाय घरातली 2005 ची लग्नाची डीव्हीडी आता कुठल्याच मशिनवर वाचली जात नाही, त्या डीव्हीडीत रेकॉर्डिंगचा थर सेंद्रिय रंगाचा असतो, तो उतरत जातो. साध्या बीडी-आरमध्ये, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या कोऱ्या ब्लू-रेमध्ये, बहुतेक असेंद्रिय थर असतो (एलटीएच लिहिलेल्या, सेंद्रिय रंगाच्याच, सोडून, त्या घेऊ नयेत), तो जास्त टिकतो. सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये कोऱ्या ब्लू-रे बनवणं थांबवलं, बाकीच्यांच्या अजून मिळतात, म्हणून म्हटलं आत्ताच उरकावं.

पहिली डिस्क वाया गेली. मी कॅमेऱ्याच्या एमटीएस फाईली नुसत्या उचलून टाकल्या, आणि प्लेअरने ओळखल्याच नाहीत. त्याला बीडीएमव्ही नावाच्या फोल्डरची ठराविक मांडणी लागते आणि डिस्कची फाईल सिस्टिम यूडीएफ 2.50. मग टीएसमक्सर या प्रोग्रॅममध्ये क्लिपा जोडून फोल्डर बनवला आणि इमगबर्नने बर्न केलं. यात चांगलं हे की व्हिडिओ परत एनकोड होत नाही, कॅमेऱ्याने जसा लिहिला तसाच डिस्कवर जातो, म्हणजे क्वालिटी कणभरही जात नाही. मोठं शूट असलं की कॅमेरा स्वतःच फाईल तोडतो, ते तुकडे सुटे ठेवले तर सांध्यावर आवाज तुटतो, म्हणून ते जॉईन करूनच घ्यायचे.

पण खरी अडचण जागेची. 25 जीबीची डिस्क कॉम्प्युटरवर 23.3 दिसते आणि माझं फुटेज तिथेच 26 च्या वर. म्हणजे साधारण अर्धा तास कापायचा, नाहीतर बिटरेट उतरवून सगळंच थोडं थोडं खराब करायचं. मी कापायचं ठरवलं. आणि काय कापायचं ते उघडच होतं, बाबा स्टॉप दाबायचं विसरलेत त्या क्लिपा. कॅमेरा हातात लोंबतोय, जमीन दिसतेय, चपला दिसतायत, कुणाचे तरी पाय. अशा 11 निघाल्या, 26 मिनिटं. सगळ्या काढून टाकल्या, बरोबर बसलं.

मग काल रात्री त्यातली एक सहज पूर्ण बघितली.

चार मिनिटांची आहे. बाबा ओटीवरून आत येतात, लेन्स खाली, शहाबादी फरशी, माजघराचा उंबरा, त्याचा झिजलेला मधला भाग, देवळीखालचा तेलाचा डाग, बंबाजवळची राख, मग जिना. जिना चढताना कॅमेरा इतका खाली आहे की एकेक पायरी जवळून जाते, आणि पाचव्या पायरीचा तो आवाज, करर्र. मी हेडफोन काढून ठेवले आणि जरा वेळ तशीच बसले. घर 2014 ला पाडलं, आता तिथे चार मजली बिल्डिंग आहे. इतकी वर्षं शूट केलं पण घराचं म्हणून कुणीच काही केलं नाही, सगळ्या चांगल्या क्लिपांमध्ये माणसं आहेत आणि घर त्यांच्या मागे कुठेतरी धूसर. घर नीट दिसतं ते फक्त या 11 क्लिपांमध्ये.

सकाळी आत्याला फोन केला. म्हटलं, आत्या, जिन्याला किती पायऱ्या होत्या गं? ती म्हणाली पंधरा, आणि तुझा बाप तेरा म्हणतो ते चूक आहे, मी रोज कळशी घेऊन चढायचे. मी म्हटलं चौदा आहेत, मी मोजल्या. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "कुठे मोजल्यास गं, घर कुठाय?" मी सांगितलं. तर म्हणे, "ते काढू नकोस हं बाळा, बाकीचं काढलंस तरी चालेल."

बाकीचंही काढलं नाही. कापलेलं सगळं परत जिथल्या तिथे घातलं आणि दोन डिस्क करायचं ठरवलं, पहिलीवर 2010-11, दुसरीवर 2012. जिन्याची क्लिप 2011 च्या गौरीतली, म्हणजे आत्ता जी फिरतेय तिच्यावर. तिला वेगळं चॅप्टर मार्क दिलंय, आत्याला रिमोटवर पुढे पुढे करत बसायला नको.

बाबांना अजून सांगितलं नाहीये. ते त्या क्लिपांना "फुकट गेलेलं कार्ड" म्हणायचे.

72 टक्के झालं. उद्या दुसरी, मग दोन्हींच्या आणखी दोन प्रती, एक काकाकडे सांगलीला. मार्कर आणायचाय, डिस्कवर लिहायचा मऊ टोकाचा.