493 रुपये

मी लहान कर्जं देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपनीत फील्ड ऑफिसर आहे, गोव्यातली डिचोलीकडची गावं माझ्याकडे. सकाळी आठला देवळाच्या मंडपात मीटिंग, हप्ते घ्यायचे, टॅबवर एन्ट्री, पुढचं गाव. तारण काही नसतं. पाच बायकांचा गट असतो आणि एकीचा हप्ता कमी पडला की बाकीच्या चौघींनी भरायचा.

जुलैतल्या एका मीटिंगला धो धो पाऊस होता. खाजेवाल्या काकींचा (खाजं म्हणजे जत्रेत विकतात ती मिठाई) दुसरा हप्ता, 3,172 रुपये. लोन 60 हजार, 24 महिने, वर्षाला 24 टक्के व्याज, उरलेल्या मुदलावर. त्यांनी 1,200 पुढे ठेवले आणि म्हणाल्या एवढेच आहेत. 1,972 कमी. मी नियमाप्रमाणे चौघींकडे बघितलं, प्रत्येकी 493. एक भाजी विकते, तिने ओल्या पिशवीतून दहा-वीसच्या नोटा काढून मोजल्या. कोणी एक शब्द बोललं नाही, काकी मात्र शेवटपर्यंत माझ्याकडे बघत नव्हत्या.

मीटिंगनंतर मी त्यांच्या घरी गेलो. नवरा आधी खाणीवर ट्रक चालवायचा, 2012 ला खाणी बंद झाल्या, मग परत सुरू झाल्या आणि 2018 ला पुन्हा बंद, तेव्हापासून घर खाज्यावर चालतं. पडवीत पीठ दाबून कांड्या पाडायचं नवं मशीन प्लास्टिकखाली झाकून ठेवलेलं. ते आमच्याच लोनचं.

काकी म्हणाल्या, "पावसांत गोड सुकना रे पुता." (आमच्याकडे गुळाला गोडच म्हणतात.) खाजं करताना बघितलंय का कोणी? बेसनाच्या कांड्या तळून घेतात, मग आलं आणि तीळ घातलेल्या गुळाच्या पाकात टाकून हलवत राहायचं, हात थांबवायचा नाही, थांबला की गोळा होतो. हलवता हलवता पाक कोरडा पडतो आणि प्रत्येक कांडीवर पांढरट खरखरीत थर बसतो. हे सगळं कोरड्या हवेचं काम आहे. पावसाळ्यात गूळ हवेतलं पाणी ओढतो, सकाळी केलेलं संध्याकाळी चिकट. शिवाय तेव्हा जत्रा नाहीत, म्हणजे विकायचं कुठे?

त्यांनी वही दाखवली. त्यात इंग्रजी महिने नव्हतेच, जत्रा होत्या. साखळीची त्रिपुरारी पुनव, जुन्या गोव्याचं फेस्त, म्हापशाचा बोडगेश्वर, शेवटी शिरगावची लईराई. प्रत्येकीसमोर किती किलो गूळ, किती तेल, गाडीभाडं किती, हातात काय उरलं. आमच्या फॉर्ममध्ये उत्पन्नाचा एकच रकाना असतो, "मासिक सरासरी". मी त्यात वर्षाचं भागिले 12 करून भरलं होतं, मीच.

आणि लोन दिलं मेच्या शेवटी. लईराई होऊन गेली होती. काकी तेव्हाच म्हणालेल्या, आता नको, ऑक्टोबरात दे, मला मशीन नको, सीझनआधी गूळ आणि तेल एकदम भरून ठेवायला पैसे पाहिजेत. पण माझं महिन्याचं टार्गेट राहिलेलं, आणि मशीनचा फोटो काढता येतो त्यामुळे फाइल पटकन पास होते. गुळाच्या ढेपांना आमच्या साहेबांच्या लेखी किंमत नाही. मीच म्हटलं, काकी, नंतर मंजूर होईल की नाही सांगता येत नाही, आत्ताच घ्या.

त्या रात्री हिशोब केला. हेच 60 हजार ऑक्टोबरात देऊन जत्रांच्या आठ महिन्यांत फेडून घेतले असते तर हप्ता साधारण 8,191, जो वहीप्रमाणे त्यांना सहज झेपतो, आणि एकूण व्याज साडेपाच हजार. आम्ही लावून दिलं त्यात व्याज 16 हजारांवर. पावसात हप्ताच नसता आणि त्या चौघींपुढे मान खाली घालायची वेळ आली नसती. रिझर्व्ह बँकेचे नियम 2022 पासून स्पष्ट आहेत, कर्जदाराच्या गरजेप्रमाणे हप्त्यांचा काळ ठेवायची सोय धोरणात हवी. ब्रांचमध्ये विचारलं तर उत्तर आलं, सिस्टिममध्ये तसं प्रॉडक्ट नाही. अरे पण जत्रा काय सिस्टिम बघून भरतात?

साखळीच्या पुनवेला मी मुद्दाम गेलो. काकींच्या दुकानावर गर्दी, हाताला उसंत नाही. दुसऱ्या दिवशी मीटिंगला त्यांनी आधी चौघींना त्यांचे पैसे परत केले, जुलैचे 493 आणि पुढच्या दोन महिन्यांचेही, प्रत्येकीच्या हातात वेगळे मोजून, आणि मग माझा हप्ता. भाजीवाली नको म्हणत होती, तिच्या पिशवीत कोंबले.

मी वहीच्या पानांचे फोटो लावून हेड ऑफिसला लेखी अर्ज केलाय, जत्रांच्या सीझनप्रमाणे हप्ता लावून द्या म्हणून. अजून उत्तर नाही. काकी दर मीटिंगला विचारतात, "आयलें?"