शुक्राचे पाणी गेले कुठे?

शुक्राविषयी बोलायला उभे राहिले की हा प्रश्न ठरलेलाच असतो: "आकाराने, वजनाने जवळजवळ पृथ्वीसारखाच ग्रह, मग त्याचं पाणी गेलं कुठे?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तरही बहुधा तयार असते. सूर्याच्या जवळ आहे, तापला, पाणी उडून गेले. तुम्ही विचारलेत म्हणून थोडे सविस्तर सांगतो, कारण हे उत्तर अर्धेच आहे.

उष्णतेने पाण्याची वाफ होते, पण ती वाफ ग्रह सोडून जात नाही. पाण्याचा रेणू बराच जड असतो आणि शुक्राचे गुरुत्वाकर्षण त्याला सहज धरून ठेवते. पृथ्वीवर तर बाष्पाला फार वर जाताच येत नाही. विषुववृत्ताच्या आसपास १६-१७ किलोमीटर उंचीवर हवा उणे ८० अंश सेल्सिअसच्या घरात थंड असते, तिथे बाष्पाचे हिमकण होतात आणि पाणी खालीच राहते; त्या थराच्या वर हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे पाण्याचे जेमतेम चार-पाच रेणू उरतात. शुक्राला आपल्या जवळजवळ दुप्पट सूर्यप्रकाश मिळतो. हवेत बाष्प वाढले की ते स्वतःच उष्णता अडवते, त्यामुळे तापमान आणि बाष्प दोन्ही वाढत जातात आणि थंड थराचा अडसर निकामी होऊन बाष्प वातावरणाच्या माथ्यापर्यंत पोचते. तिथे अतिनील किरण पाण्याचा रेणू फोडतात. सुटा झालेला हायड्रोजन हलका असल्याने अवकाशात निसटतो, आणि एकदा तो गेला की पाणी पुन्हा तयार व्हायला वाव राहत नाही. मागे राहिलेल्या ऑक्सिजनपैकी काही खडकांशी संयोग पावला असावा, काही अवकाशात गेला. २००६ ते २०१४ या काळात शुक्राभोवती फिरलेल्या 'व्हीनस एक्स्प्रेस' यानाला हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे आयन (विद्युतभारित अणू) साधारण दोनास एक या प्रमाणात, म्हणजे पाण्यातल्याच प्रमाणात, निसटताना आढळले.

याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र एका अडथळ्यातून हाती आला, आणि मला तो या सगळ्या कथेतला सर्वांत सुरस भाग वाटतो. डिसेंबर १९७८ मध्ये 'पायोनियर व्हीनस' मोहिमेतले मोठे शोधयान शुक्राच्या ढगांतून खाली उतरत असताना ढगातला सल्फ्युरिक आम्लाचा थेंब त्याच्या वस्तुमान वर्णपटमापकाच्या (हवेतले रेणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाच्या) बारीक तोंडाशी अडकला आणि बाहेरची हवा आत येणे काही काळ जवळपास थांबले. पण त्या थेंबातले पाणी उपकरणात शिरले होते. त्याचे विश्लेषण १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की त्यात जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, पृथ्वीवरच्या पाण्याच्या सुमारे शंभरपट आहे. नंतरच्या मोजमापांत हा आकडा आणखी वरच गेला. हलका हायड्रोजन चटकन निसटतो आणि जड मागे राहतो, त्यामुळे मागे उरलेल्या गाळावरून मूळ साठ्याचा अंदाज बांधता येतो. शुक्राच्या हवेतले आजचे सगळे बाष्प द्रवरूपात पृष्ठभागावर पसरले तर थर भरेल फार तर तीन सेंटीमीटरचा. त्याच्या किमान शंभरपट पाणी कधीकाळी होते, आणि ड्युटेरियमही थोडेफार निसटले असणार हे धरले तर त्याहून पुष्कळ अधिक.

जे थोडे उरले आहे तेही मोकळे नाही. ढगांखाली दहा लाखांमागे सुमारे ३० रेणू पाण्याचे आहेत, ढगांच्या वर मोजकेच. मधल्या ४८ ते ७० किलोमीटरच्या पट्ट्यात सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने सल्फर डायऑक्साइडचा सल्फर ट्रायऑक्साइड होतो आणि तो पाण्याशी संयोग पावून सल्फ्युरिक आम्ल बनते. तीव्र सल्फ्युरिक आम्लाची पाण्याची हाव ज्यांनी प्रयोगशाळेत साखरेवर ते ओतून पाहिली आहे (पांढरे दाणे पाहता पाहता काळा, फसफसणारा कोळसा होतात) त्यांना शुक्राचे ढग इतके कोरडे का, हे वेगळे सांगायला नको. या आम्लाचा पाऊसही पडतो, पण ४६५ अंशांच्या जमिनीवर तो कधीच पोचत नाही. वाटेतच त्याची वाफ होते, रेणू तुटतात, पाणी सुटे होऊन पुन्हा वर जाते आणि पुन्हा आम्लात अडकते.

राहता राहिला समुद्राचा प्रश्न, कारण "होतं" म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे लाटा येतात. संथ फिरणाऱ्या ग्रहाच्या दिवसाच्या बाजूवर दाट ढग साचून सूर्यप्रकाश परतवतात, त्यामुळे शुक्रावर दीर्घकाळ समुद्र टिकला असेल, असे २०१६ मध्ये नासाच्या एका गटाने हवामानाच्या संगणकीय प्रतिकृतींवरून मांडले. २०२१ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाने उलट दाखवले: सुरुवातीला सगळे पाणी बाष्परूपातच असेल, तर ढग रात्रीच्या बाजूला जमतात, उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत आणि बाष्प कधी पाऊस होऊन जमिनीवर उतरतच नाही. मला दुसरी बाजू अधिक पटते, कारण ती तयार समुद्रापासून नव्हे, तर ग्रह घडला तेव्हाच्या उष्णतेपासून सुरुवात करते. ड्युटेरियमचा आकडा या वादात निवाडा देऊ शकत नाही: तो पाणी किती गेले याचा अंदाज देतो, ते समुद्रातून गेले की ढगांतून, हे सांगत नाही.