तुम्ही विचारलंत म्हणून : नॉइज आधी काढायचा की शेवटी?

ऐरोलीच्या खाडीतले फ्लेमिंगो असोत की गडकरी रंगायतनमधला प्रयोग, ठाणे-नवी मुंबईत फोटो काढणारी मंडळी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात : ‘रॉ फाइलमधला नॉइज एडिटिंगच्या आधी काढायचा की सगळं झाल्यावर? आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?’ (रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली फाइल, आणि नॉइज म्हणजे फोटोतले नको असलेले दाणे.) पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दाचं आहे : आधी. मात्र ते का, हे कळलं नाही तर महागडं सॉफ्टवेअर घेऊनही फोटो मेणाच्या पुतळ्यासारखे दिसतात. म्हणून जरा मुळापासून.

सेन्सरवरच्या प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाचा फिल्टर बसवलेला असतो. बहुतेक कॅमेऱ्यांत चार पिक्सेलच्या चौकटीत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा अशी मांडणी असते. तिला बायर पॅटर्न म्हणतात. (फुजीच्या एक्स-ट्रान्समध्ये हीच गोष्ट सहा बाय सहाच्या चौकटीत असते.) म्हणजे रॉ फाइलमध्ये प्रत्येक जागी एकाच रंगाचा आकडा असतो. बाकीचे दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरले जातात. या भरणीला डीमोझेइकिंग म्हणतात, आणि रॉ फाइल एडिटरमध्ये उघडली की ते आपल्या नकळत होऊन जातं.

ते होण्याआधी एका पिक्सेलची चूक त्या पिक्सेलपुरतीच असते. एकदा भरणी झाली की ती चूक शेजाऱ्यांच्या हिशोबात मिसळते आणि टोकदार ठिपक्याचा पसरट डाग होतो. त्यावर शार्पनिंग केलं, सावल्या उचलल्या, कॉन्ट्रास्ट वाढवला की हा डाग आणि पक्ष्याच्या पिसाचा पोत यांतला फरक कुठल्याच सॉफ्टवेअरला धड कळत नाही. तांदूळ दळायला देण्याआधी निवडतात, पिठातून खडे वेचायला कुणी बसत नाही. शेवटी जेपीजीवर डीनॉइज, म्हणजे नॉइज काढणारं साधन, चालवणं म्हणजे पिठातले खडे वेचणं.

२०२० च्या ऑक्टोबरात डीएक्सओ या कंपनीने आपल्या फोटोलॅब ४ या एडिटरमध्ये डीपप्राइम आणलं, तेव्हा नेमकी हीच गोष्ट बदलली : डीमोझेइकिंग आणि नॉइज काढणं ही दोन्ही कामं एकाच न्यूरल नेटवर्ककडून एकत्र करून घेतली. पुढच्या वर्षी तेच इंजिन प्युअररॉ या नावाने सुटं मिळू लागलं. एडोबीने एप्रिल २०२३ मध्ये आपल्या लाइटरूम या एडिटरला एआय डीनॉइज दिलं, तेही रॉ फाइलवरच काम करतं. दोन्हींमागचं तत्त्व सारखंच आहे.

आता नॉइज येतो कुठून, ते. ‘आयएसओ (कॅमेरा सिग्नल किती वाढवतो तो आकडा) वाढवला म्हणून नॉइज आला’ हे वाक्य जवळजवळ सगळ्यांच्या तोंडी असतं, पण ते अर्धवट आहे. नॉइज येतो प्रकाश कमी पडल्यामुळे. प्रकाशाचे कण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात, आणि त्या अनियमितपणाचं माप कणांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकं असतं. एका पिक्सेलवर १०,००० कण पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे एक टक्का. शंभरच पडले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. अंधाऱ्या भागात दाणे जास्त दिसतात ते यामुळे. म्हणूनच ‘आयएसओ ३२०० च्या वर जायचं नाही’ असा पण करून फोटो अंडर, म्हणजे काळपट, ठेवणं आणि घरी येऊन दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उचलणं यातून हाती काहीच लागत नाही. नॉइज जवळपास आयएसओ १२८०० इतकाच येतो, आणि काही सेन्सरवर सावल्यांत जांभळट छटा किंवा पट्टे वरून मिळतात. पक्ष्याच्या पांढऱ्या पिसांचा तपशील जाणार नाही एवढं बघून एक्सपोजर हिस्टोग्रामवर जितकं उजवीकडे, म्हणजे उजळ बाजूला, नेता येईल तितकं न्या. कुठलंही सॉफ्टवेअर त्यापेक्षा जास्त काही देत नाही.

खाडीवरचं गणित बघा. नोव्हेंबर ते मे हा रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा मोसम. बोट हलत असते, पक्षी उडतात, म्हणून शटर १/२००० सेकंदाच्या आसपास लागतं. ६०० मिलिमीटरला एफ/६.३ ची लेन्स असेल तर भर उन्हात आयएसओ ३२० ते ४०० पुरतो. सकाळच्या कोवळ्या, धुरकट उजेडात तीन-चार स्टॉप कमी असतात, म्हणजे आकडा सहज ३२०० ते ६४०० वर जातो. इथे डीनॉइज खरंच कामाचं.

नाट्यगृहातली अडचण वेगळी आहे, आणि तिच्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. गडकरी असो, घाणेकर असो की वाशीचं भावे नाट्यगृह, स्टेजवर निळा किंवा जांभळा एलईडी पडला की सेन्सरचे निळे पिक्सेल भरून वाहतात आणि लाल-हिरवे जवळजवळ उपाशी राहतात. त्यात चेहरा नैसर्गिक दिसावा म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ओढला की ते उपाशी रंग दुपटी-तिपटीने वाढवले जातात, आणि त्यांचा नॉइजही. आयएसओ १६०० चा फोटोही त्यामुळे १२८०० सारखा दिसतो. पिवळ्या बल्बखाली उलट होतं, निळा उपाशी राहतो. अशा प्रसंगात डीनॉइज आधी करा, व्हाइट बॅलन्स नंतर आणि बेताने. कलाकाराचा चेहरा थोडा निळा राहिला तर तो त्या प्रसंगाचाच प्रकाश आहे. एलईडीच्या फडफडीने फोटोत आडवे पट्टे आले असतील तर ते मात्र डीनॉइजने जात नाहीत, तो नॉइज नव्हेच. त्यासाठी शटर बदलून बघणं किंवा कॅमेऱ्यातला अँटी-फ्लिकर वापरणं एवढाच उपाय.

आता क्रम. कार्ड रिकामं केलं की पहिलं काम निवड. हजार फ्रेममधून पन्नास ठेवायच्या असतील तर आधी त्या पन्नास काढा. डीनॉइज हे फोटोमागे काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ खाणारं काम आहे, आणि सगळा भार ग्राफिक्स कार्डवर पडतो. लाइटरूमसाठी ग्राफिक्स मेमरी ८ जीबी असावी. नसेल तर काम होतं, पण रात्रभर लावून ठेवावं लागतं. एक्सपोजर, क्रॉप, मास्क, डाग पुसणं यांपैकी काहीही करण्याआधी निवडलेल्या फ्रेम डीनॉइजला द्या. मास्क आणि डाग पुसणारं हीलिंग फोटोत काय दिसतंय त्यावर बेतलेले असतात. मागाहून खालचे पिक्सेल बदलले की त्यांच्या कडा चुकू शकतात.

लाइटरूममध्ये डेव्हलपमधल्या डिटेल पॅनेलमध्ये डीनॉइज सापडेल. स्लायडर आपोआप ५० वर येतो. बहुतेक जण तिथेच सोडून देतात, आणि माझ्या मते तेच चुकतं. पक्ष्यांसाठी ३० ते ४०, चेहऱ्यांसाठी २५ ते ३५ पासून सुरुवात करा आणि थोडे दाणे राहू द्या. आधीच्या आवृत्त्या ‘एनहान्स्ड-एनआर’ नावाची वेगळी डीएनजी (एडोबीचा रॉ फाइलचा प्रकार) बनवायच्या. २०२५ च्या जूनमधल्या आवृत्तीपासून ती गरज राहिलेली नाही. डीनॉइजनंतर खालचा, नॉइज काढणारा जुना ल्युमिनन्स स्लायडर शून्यावर आहे ना, ते बघा. दोन्ही लावले की पोत गेलाच.

प्युअररॉ, टोपाझ किंवा ऑन-वन अशी सुटी डीनॉइज सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे लाइटरूममधून ‘एडिट इन’ने फोटो पाठवणं. त्या वाटेने रॉ जातच नाही. भरणी झालेली, रंग लावलेली टिफ फाइल जाते, आणि आधी डीनॉइज करण्याचा सगळा फायदा तिथेच संपतो. फाइल मेनूतल्या ‘प्लग-इन एक्स्ट्राज’मधून पाठवा, म्हणजे मूळ रॉ जाते. परत येते ती लिनियर डीएनजी : रंगांची भरणी झालेली, पण व्हाइट बॅलन्स आणि हायलाइट्स अजून रॉसारखेच हलवता येतात. प्युअररॉ लेन्सचे दोषही दुरुस्त करतं आणि शार्पनेसही वाढवतं. म्हणून परत आलेल्या फाइलवर लाइटरूमचं लेन्स प्रोफाइल पुन्हा लावू नका, आणि शार्पनिंग, जे लाइटरूम रॉवर आपोआप ४० ला ठेवतं, ते शून्यावर आणून मग लागेल तेवढंच वाढवा. प्युअररॉमधली लेन्स शार्पनेसची पातळीही सौम्य ठेवा. धुरकट हवेतल्या फ्लेमिंगोच्या पायांभोवती पांढरी किनार दिसते, ती दुहेरी शार्पनिंगची.

पैसे खर्च करायचे नसतील तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन फुकट सॉफ्टवेअर मनापासून सुचवतो. डार्कटेबलमधल्या ‘डीनॉइज प्रोफाइल्ड’ला कॅमेरा आणि आयएसओनुसार मोजलेला नॉइज माहीत असतो, त्यामुळे चालू केल्याबरोबर बरंच काम होतं. रॉथेरपीमध्ये जास्त आयएसओच्या फाइलला डीमोझेइकिंगची पद्धत बदलून एलएमएमएसई किंवा आयजीव्ही करा, चक्रव्यूहासारख्या रेघा कमी होतात. तिथला नॉइज रिडक्शन १०० टक्के झूमवरच नीट दिसतो हे लक्षात ठेवा. एआयएवढी सफाई या दोन्हींत मिळत नाही, पण आयएसओ ३२०० पर्यंत फरक फार नसतो, आणि खोटा तपशील तयार होण्याची भीतीही कमी.

या खोट्या तपशिलापासून सगळ्यात जास्त जपायचं. एआय डीनॉइज पुसतं तसंच अंदाजाने रेखाटतंही. जिथे माहितीच नव्हती तिथे ते ‘इथे पीस असावं’ असं ठरवतं. त्यामुळे १०० टक्के झूम करून काही ठरलेल्या जागा तपासा. नऊवारीच्या काठातली जर : बुट्ट्या एकमेकींत विरघळल्यात का. नथ : मोती वेगळे दिसतात की एकच पांढरा गोळा झालाय. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकांचे लहान चेहरे : डोळे-नाक विचित्र झालेत का. दूरची देवनागरी पाटी : अनुस्वाराचं टिंब हा अल्गोरिदमला नॉइजचा ठिपकाच वाटू शकतो, आणि टिंब गेलं की शब्द बदलतो. पक्ष्यांत डोळा बघा. धाकट्या, म्हणजे ‘लेसर’ जातीच्या, फ्लेमिंगोचा लालसर डोळा दोन-चार पिक्सेलांचा असतो, कलर नॉइजचा स्लायडर जास्त ओढला की तो राखाडी होतो आणि पंखांचा गुलाबी रंग बाजूच्या चिखलात उतरतो. लाइटरूमचा तो स्लायडर २५ वर असतो, एआय डीनॉइजनंतर त्याला सहसा हात लावायची गरज नसते. यांपैकी काही बिघडलं असेल तर ताकद कमी करून पुन्हा चालवा. तरीही बिघडत असेल तर दाणेदार फोटो ठेवा. दाणे खरे असतात.

हललेला फोटो, चुकलेला फोकस, वाशी पुलावरून दिसणारा धुरकटपणा यांवर डीनॉइज हे औषध नाही. उलट नॉइज गेल्यावर हललेपणा जास्तच उठून दिसतो.

आणि प्रत्येक फोटोला हे लागतही नाही. २४ मेगापिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीत निम्मा केला, म्हणजे ६ मेगापिक्सेलचा केला, की नॉइज आपोआप जवळपास निम्मा होतो. बारा बाय आठ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने साडेआठ मेगापिक्सेलच लागतात, मोबाइलवर पाठवायचा फोटो त्याहून लहान. फुल फ्रेमवर आयएसओ १६०० पर्यंत, एपीएस-सीवर, म्हणजे त्याहून लहान सेन्सरवर, ८०० पर्यंत मी सहसा डीनॉइजला जाऊ नका म्हणेन, मोठा क्रॉप केला असेल किंवा स्टेजचा रंगीत प्रकाश असेल तर गोष्ट वेगळी. मोबाइलचं रॉही वेगळं : आयफोनचं प्रोरॉ आधीच जुळवलेलं आणि नॉइज काढलेलं असतं, त्यावर पुन्हा तेच करून त्वचा आणखी गुळगुळीत होण्यापलीकडे काही होत नाही.

रात्री तलावपाळीला तिपाईवर तीस सेकंदांचे एक्सपोजर घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. मे महिन्यात सेन्सर तापतो, आणि तापमान साधारण सहा ते आठ अंशांनी वाढलं की अंधारात साचणारा खोटा सिग्नल दुप्पट होतो. त्यातून लाल-निळे हॉट पिक्सेल उगवतात. एआय त्यांतल्या काहींना पाण्यातले दिवे समजून जपून ठेवतं. कॅमेऱ्यातला लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू ठेवा. तो तेवढ्याच वेळाची एक काळी फ्रेम घेऊन वजा करतो, म्हणून प्रत्येक फोटोला दुप्पट वेळ लागतो. घाई असेल तर शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच शटर आणि आयएसओवर एक काळी फ्रेम घेऊन ठेवा. रॉथेरपीत ती डार्क फ्रेम म्हणून वजा करता येते.

राहिला डिस्कचा प्रश्न. लिनियर डीएनजीत प्रत्येक पिक्सेलला तीन रंग असतात, त्यामुळे फाइल मूळ रॉच्या दुप्पट ते चौपट होते. फोटो पूर्ण झाला, टिफ किंवा मोठा जेपीजी काढला, की मधली डीएनजी पुसली तरी चालते. मूळ रॉ मात्र कधीही पुसू नका. वन्यजीव छायाचित्रांच्या अनेक स्पर्धांत शेवटच्या फेरीला तीच मागतात, आणि दोन वर्षांनी डीनॉइजचं नवं इंजिन आलं की त्यालाही तीच लागते.