दोन स्पीकर आणि मधली खुर्ची

एका स्पीकरच्या जोडीला दुसरा आणला की आवाज दुप्पट होणार, असा आपला सरळ हिशेब असतो. पैसे दोन स्पीकरचे मोजलेले असतात, त्यामुळे तो खराही वाटतो. हवेला मात्र ही बेरीज मान्य नाही. तिच्या वहीत एक अधिक एक कधी चार होतात, कधी शून्य, आणि बहुतेक ठिकाणी मधलंच काहीतरी.

गाणं ऐकताना हे लक्षात येत नाही. त्यासाठी दोन्ही स्पीकरमधून एकच सलग सूर सोडायला हवा. मोबाइलवर असा सूर काढणारी ॲप मिळतात. मी ६८६ हर्ट्झ घेतो. ऐकायला कंटाळवाणा, पण हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे या सुराची तरंगलांबी अर्धा मीटर येते आणि तोंडी गणित जमतं. स्पीकर एकमेकांपासून दीड मीटरवर, आपण तीन मीटर समोर, बरोबर मध्ये. दोन्हीकडचं अंतर सारखं. एका लाटेतली दाट हवा कानाशी पोचते तेव्हाच दुसरीतलीही पोचते, आणि सूर भरदार लागतो. आता एका बाजूला सरकत जायचं. अर्धा मीटर जाईपर्यंत सूर खाली बसतो, कारण दोन वाटांमध्ये आता पाव मीटरचा फरक पडलेला असतो: एकीची दाट हवा नेमकी दुसरीच्या विरळ हवेवर येते. आणखी तसंच पुढे, मधल्या जागेपासून एक मीटरच्या थोडं पलीकडे गेलं, की फरक पूर्ण एका तरंगलांबीचा होतो आणि सूर पुन्हा उभा राहतो. स्पीकरच्या बटणाला कुणी हात लावलेला नसतो. फिरतो आहोत ते आपणच. (एक कान बोटाने बंद केला तर चढउतार जास्त स्पष्ट कळतात, दोन कान दोन वेगळ्या जागी असतात आणि आपापसांत तडजोड करतात.) पूर्ण शांतता खोलीत सहसा मिळत नाही, कारण भिंतींवरून परतणारा आवाज मध्ये तोंड घालतो.

भरदार जागी दाब दुप्पट होतो, म्हणून तीव्रता चौपट, म्हणजे ६ डेसिबलची वाढ. ही जास्तीची ऊर्जा आली कुठून? बरीचशी त्या बसक्या जागांवरून. तिथे कमी झालेलं इथे जमा. कानाची कंजूषीही बघा: आवाज दुप्पट मोठा वाटायला त्याला साधारण १० डेसिबल लागतात, त्यामुळे चौपट मिळूनही तो दुप्पटसुद्धा कबूल करत नाही.

थॉमस यंग हा पेशाने डॉक्टर. त्याने १८०१मध्ये प्रकाशाच्या लाटा एकमेकींना वाढवतात आणि मारतातही असं मांडलं, पण त्याआधी, १८००च्या निबंधात, तो आवाजाचाच विचार करत होता. मला हा क्रम फार पटतो. प्रकाशाची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. आवाजाच्या लाटेत माणूस चालत फिरू शकतो.

मग गाण्यात खड्डे का जाणवत नाहीत? असतात, पण प्रत्येक सुराचे वेगळ्या जागी. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब, १०,००० हर्ट्झची साडेतीन सेंटिमीटरही नाही. एकाचा खड्डा दुसऱ्याच्या उंचवट्याने झाकला जातो. खर्जाच्या या लांबीचा मोठ्या कार्यक्रमांत उपयोगही करतात. बेसची खोकी एकमेकांना चिकटवून रचली की लाटेच्या मानाने ती जणू एकाच ठिकाणी असतात, आणि समोर जवळजवळ सगळीकडे एकमेकांना जोरच देतात. तिथे वरचा उसनवारीचा हिशेब लागू पडत नाही. शेजाऱ्याच्या दाबाविरुद्ध हलताना प्रत्येक खोकं हवेत खरोखरच जास्त ऊर्जा सोडतं.

घरात याची सगळ्यात सोपी परीक्षा तारांची आहे. एका स्पीकरच्या तांबड्या-काळ्या तारांची अदलाबदल झाली, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो. बरोबर मध्ये, जिथे सगळ्यात भरदार ऐकू यायला हवं, तिथेच ढोलक पोकळ वाजतं आणि गाणाऱ्याचा आवाज नक्की कुठून येतोय ते कळेनासं होतं. स्पीकर ढिसाळ निघाले असं ठरवण्याआधी, सगळं बंद करून एकाच्या तारा पालटून पाहाव्यात. खर्ज भरला तर तसंच ठेवायचं, आणखी पोकळ झाला तर परत पहिल्यासारखं. दोन्हींच्या तारा उलट्या लागल्या असतील, तर मात्र हात लावायची फारशी गरज नाही. पडदे दोन्ही एकदमच पुढे येतात आणि एकदमच मागे जातात.